पटावरचं पंधरावं नाव

कोस्कीला, मिशिगन
६ सप्टेंबर १९७८

ती. अर्वोदादास,
आयलीचा शि. सा. न. वि. वि.

आधी हे वाच, मासे धरायला नंतर जा. काल शाळा मंडळाची सभा आपल्याच शाळेच्या जेवणघरात, मी रोज मुलांना रांधून वाढते तिथेच, भरली. तू चौतीस वर्षं तिथे मास्तर होतास, पण एवढी गर्दी तुलाही कधी जमवता आली नाही. मी केलेले साठ वेलचीपाव सभा सुरू होण्याआधीच फस्त झाले.

ठरलं ते असं: २७ तारखेच्या बुधवारी मुलांची सरकारी गणती आहे. त्या सकाळी पंधरा मुलं बाकावर दिसली तर शाळा चालू. चौदा दिसली तर कायमचं कुलूप, आणि मग आपली पोरं बर्फातून रोज तीस मैल बसने मोठ्या गावी. आज पटावर चौदाच आहेत.

पंधरावी आहे टाउनो मट्टिलाची सिग्ने, सहा वर्षांची. शाळेपासून तिसरं घर तिचं. पण टाउनो तिला रोज ट्रकमध्ये घालून पलीकडच्या जिल्ह्यातल्या शाळेत सोडतो. मी दुकानात त्याला गाठून सरळ विचारलं. तो म्हणाला, की अर्वो मास्तरांना आपली चूक कळल्याचं मला कळू दे, मग बघू. वर माझ्या गुडघ्यांची चौकशीही केली, म्हणजे राग माझ्यावर नाही.

तेव्हा दादा, लेखणी उचल. वहिनीला नमस्कार. माया आहेच, ती पत्रातूनही दिसू दे.

तुझी,
आयली

•

लेक वर्थ, फ्लोरिडा
११ सप्टेंबर १९७८

चि. आयलीस,
अनेक आशीर्वाद.

सभेची हकीकत वाचून तुझ्या वहिनीला आजच तिकडे यावंसं वाटायला लागलंय. माझ्या वाट्याचे वेलचीपाव कोणी खाल्ले तेवढं कळव.

टाउनोचं म्हणशील, तर नियम माझा नव्हता. शाळेच्या आवारात इंग्रजीच बोलायचं, हे मंडळाचं फर्मान होतं. पोरगा सात वर्षांचा होता. त्याने आपल्या घरच्या भाषेत, फिनिशमध्ये पाणी मागितलं, ‘वेत्ता’ म्हणाला. मी सांगितलं, की इंग्रजीत मागशील तर मिळेल. त्याला तो शब्द येत नव्हता. घंटा होईपर्यंत फळ्याजवळ उभा राहिला. सदतीस वर्षं झाली त्याला. एकाहत्तराव्या वर्षी मी आता विद्यार्थ्याची माफी मागत बसू का? गाव हसेल.

गुडघ्यांना शेक देत जा. प्रकृतीला जप.

तुझा,
अर्वो

•

कोस्कीला
१६ सप्टेंबर १९७८

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

गाव हसेल म्हणतोस, तर हसू दे. शाळाच नसली तर गाव हसायलाही उरायचं नाही. दुकान आणि शाळा सोडून आपल्याकडे आहे काय?

नियम तुझा नव्हता, कबूल. पण ‘वेत्ता’ म्हणजे पाणी हे तुला तरी ठाऊक होतं. त्या सकाळी आईकडे तूही त्याच शब्दाने मागितलं असशील. मला तुझा राग येतोय, दादा. आणि अकरा दिवसच उरलेत.

इथे सगळ्यांना नुसता चेव चढलाय. शाळेची बस धुऊन काढली, चौदाही पोरांच्या आयांना मी बजावलंय, की बुधवारी कोणी शिंकायचंसुद्धा नाही. तू तेवढा हट्ट सोड.

रागावले तरी तुझीच,
आयली

•

लेक वर्थ
२० सप्टेंबर १९७८

चि. आयलीस,
अ. आ.

सोबतचा बंद लिफाफा टाउनोला दे. फिनिशमध्ये लिहिलंय. चाळीस वर्षांनी लिहिलं, अख्खी रात्र लागली. ‘तू पाणी मागतोयस हे मला ठाऊक होतं’, हेच वाक्य लिहायला सगळ्यात जड गेलं.

अर्वो

•

कोस्कीला
२७ सप्टेंबर १९७८, दुपार

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पंधरा! जेवणघरातूनच लिहितेय, हात पिठाचे आहेत, डागांकडे बघू नकोस.

लिफाफा शनिवारी दिला. त्याने तो दारातच न फोडता खिशात घातला. दोन दिवस मला अन्न गोड लागेना. सोमवारी तो पलीकडच्या शाळेतून सिग्नेचा दाखला काढून आला आणि जेवणघरात माझ्या टेबलावर ठेवून गेला. आज सकाळी आठला पोरगी लाल टोपी घालून पहिल्या बाकावर हजर. गणतीच्या बाईंनी दोनदा मोजलं. मी खिडकीतून तिसऱ्यांदा मोजलं आणि ओक्साबोक्शी रडले. तुझ्यापासून लपवून काय करायचंय?

मात्र त्याने माफ केलं असं समजू नकोस. तुझं पत्र त्याने परत दिलंय, ते सोबत पाठवतेय. तुझ्या फिनिशमधल्या तेवीस चुका त्याने लाल शाईने काढल्यात, आणि खाली शेरा मारलाय: सुधारून लिहावे व स्वतः आणून दाखवावे.

तेव्हा वहिनीला घेऊन ये. खाट मांडून ठेवते, वाफेच्या अंघोळीची सौना तापवून ठेवते. मनात जागा आहेच, ती तशीच ठेव.

तुझी,
आयली

ता. क. चुका मी तपासल्या. बावीस खऱ्या आहेत. तेविसावी त्याची स्वतःची चूक आहे, पण तू ती निमूटपणे सुधार.