थांबू शकणाऱ्यांची यादी

२ फेब्रुवारी
ओटीची, म्हणजे ऑपरेशन थिएटरची इनचार्ज म्हणून सर्जरीच्या सरांनी आज मला बसवून सांगितलं. पुन्हा साथ आली तर दोन दिवसांत सर्जरी वॉर्ड रिकामा करता आला पाहिजे. ऑपरेशनवाल्यांच्या दोन याद्या करा, थांबू शकणारे आणि न थांबणारे. "सिस्टर, नुसती तयारी आहे. तोंड का उतरलं?" काय सांगू! कोरोनात अशीच यादी घेऊन मीच फोन केले होते. घोटीच्या भातगिरणीतले ते काका, पोटात गाठ. महिनाभर थांबा म्हटलं. "बरं ताई, तुमी बोलवाल तव्हा येतो." महिन्याने लावला तर फोन बंद. पुढेही बंदच.
जेवण गेलं नाही. ह्यांना सांगितलं, ॲसिडिटी.

४ फेब्रु.
यादीतले नंबर लावून पाहिले. निम्मे पेशंटचे नाहीतच! कुणाच्या पुतण्याचा, कुणाच्या मुकादमाचा. सोबत येईल त्याचा नंबर केसपेपरवर, ही आपली पद्धत. मीही इतकी वर्षं तेच लिहीत आले, डोकं कुठे ठेवलं होतं कोण जाणे. सुरगाण्याकडची यसुबाई, छातीत गाठ, २० तारखेला ऑपरेशन. तिचा फोन जीपवाल्याने उचलला. "ती होय? दिंडोरीला सोडली व्हती, द्राक्षाच्या कामाला. कोणाच्या मळ्यात, नाय ठाऊक."

९ फेब्रु.
मेडिकल वॉर्डात तापाचे चार. त्यात तिथलीच एक सिस्टर. रिपोर्ट यायचेत. जिन्यात सगळे हळू बोलतात. मास्कची खोकी मोजली, पुन्हा मोजली.

१२ फेब्रु.
सोमवारपासून एकच ओटी चालू. आठवड्याला चार ऑपरेशनं, बाकी सगळी पुढे. संपली नुसती तयारी. सरांनी चार नावं दिली, त्यात यसुबाई नाही. "गाठ लहान आहे, महिनाभर चालेल." चालेल हो सर, पण महिन्याने तिला बोलवायचं कुठून? म्हणेपर्यंत ते गेलेसुद्धा.

१३ फेब्रु.
यसुबाई आधी दिलेल्या तारखेला रक्त तपासायला आली, एकटीच. "मंग कधी येऊ, बाई?" म्हटलं, जाऊ नका, वॉर्डातच राहा. कुणाला विचारून म्हटलं?
सरांच्या चार नावांतलं चौथं खोडून तिचं लिहिलं. पेनाने. चौथे म्हणजे नाशिक रोडचे जाधवकाका, गळ्यात गाठ. त्यांचा नंबर त्यांचा स्वतःचा, पहिल्या रिंगला उचलतात. एवढ्यावरच निवडले मी त्यांना. कोण लागून गेले मी?
फोन केला. महिनाभर थांबावं लागेल, काका.
"काही हरकत नाही सिस्टर. तुम्ही बोलवाल तेव्हा येतो."
स्टूल ओढून बसले.

१४ फेब्रु.
सकाळी उगाच जाधवकाकांना फोन लावला. उचलला. दुपारी पुन्हा लावला.
"सिस्टर, सगळं ठीक ना?"
हो म्हटलं.
यादी सरांच्या टेबलावर ठेवली आहे. सर अजून राउंडवर आहेत, आले की खोडलेलं नाव दिसेलच.