फाटक्या कोपऱ्याचा कागद

आई,

तुला वाचता येत नव्हतं, म्हणूनच हे लिहायचा धीर होतो आहे. तू समोर असतीस तर मी भाताचं, गुरांचं काहीबाही बोलत बसलो असतो आणि खरं ते पोटातच ठेवलं असतं. तुला जाऊन सव्वीस वर्षं झाली. मी आता खालापूरच्या दवाखान्यात आहे, पेन्शनीला थोडेच महिने उरलेत. तुझ्या शेवटच्या दिवसांत मी मुंबईत काय करत होतो, हे मी बाबांना खोटं सांगितलं आणि बायकोला अर्धं सांगितलं. पुरतं कुणालाच नाही. तेवढंच आज लिहायचं आहे, पण तिथवर यायला मला जरा वेळ लागेल. माझा स्वभाव तुला ठाऊक आहेच.

मेडिकल कॉलेजातली माझी पहिली सुट्टी मला अजून लख्ख दिसते. कर्जतला गाडीतून उतरून, नदी ओलांडून, कोंडाणे गावाच्या वाटेनं मी चालत येतो आहे. अंगावर नवा कोट आहे आणि गावानं तो बघावा अशी फार इच्छा आहे. तू मला अंगणाच्या कडेलाच अडवतेस. डोक्यावर घागर ओततेस, कोटासकट, आणि मसणातून आलेल्या माणसाला द्यावा तसा कडुनिंबाचा पाला हातात देतेस. मुंबईला आपला पोरगा मढी फाडतो, हे कुणीतरी तुझ्या कानावर घातलेलं होतं. मी थंडीनं आणि रागानं कापत उभा. तू विचारलंस, "कुनाची रं ती मढी?" मी म्हटलं, "बेवारशी असतात. ज्यांना कुणी न्यायला येत नाही त्यांची." तू घागर खाली ठेवलीस. "म्हंजी त्यांचं सुतक बी कुनी धरीत नाय?" मला हसू आलं. मी म्हटलं, "आई, मेलेल्याला काय कळतं?" तू माझ्याकडे असं बघितलंस की हसू जागच्या जागी विरलं. "त्याला नाय कळत. तुला कळतंय ना? मंग बास."

आणि तू ते सुतक स्वतः धरलंस. तीन दिवस देवापुढे दिवा नाही, गावदेवीला जाणं नाही. चौथ्या दिवशी विचारलंस, "किती जन व्हती?" मी म्हटलं चार, तर तू चार पानांवर भात ठेवलास आणि कावळा शिवेपर्यंत उन्हात उभी राहिलीस. पुढच्या प्रत्येक सुट्टीत हेच. आकडा मी सांगायचा, पानं तू मांडायचीस. एकदा मला नीट आठवेना म्हणून मी अंदाजानं सहा सांगितले, तेव्हाही सहा मांडलीस. मुंबईला परतल्यावर मी ही गोष्ट सोबत्यांना रंगवून सांगत असे. सगळे हसायचे आणि सगळ्यांत मोठ्यानं मी. त्याची लाज मला फार उशिरा वाटली.

तसे आम्ही सगळेच दोन दगडांवर पाय ठेवून होतो. आमचा तो मराठीतून डॉक्टरकी शिकवायचा वर्ग. चाळीतल्या एका खोलीत आम्ही चार जण राहायचो, एकच चूल आणि एकच कंदील. अभ्यासाची हाडं हरभऱ्याच्या पोत्यात दडवलेली, चाळीतल्या बायकांना दिसली तर त्यांनी आम्हाला त्याच दिवशी हुसकलं असतं. शेजारच्या खोलीत रत्नागिरीकडचा एक ब्राह्मण विद्यार्थी होता. माझ्या हातचं पाणी घेत नसे, पण माझी वही मात्र बिनदिक्कत घेई. मढं फाडून आला की आंघोळ करून जानवं बदलायचा. हृदयाच्या झडपा तोंडपाठ असलेली पोरं परीक्षेच्या सकाळी गणपतीपुढे रांग लावायची. मी लावत नसे. मला वाटायचं, आपण या सगळ्यातून सुटलो.

टपालाचा एक रिवाज मला त्या ब्राह्मणानंच शिकवला. मरणाची खबर असेल त्या कागदाचा कोपरा फाडून धाडतात. तसा कागद घरात आणत नाहीत, बाहेरच वाचतात आणि अंगावरच्या कपड्यांसकट आंघोळ करतात. आपल्या घरी तोवर कधी कुणाचा कागद आला नव्हता आणि गेलाही नव्हता, त्यामुळे हे तुम्हाला कुणालाच माहीत असायचं कारण नव्हतं. मला नव्यानं माहीत झालं होतं, आणि नव्यानं शिकलेल्या गोष्टीवर माझा भारी विश्वास.

शेवटच्या परीक्षेच्या पहिल्या सकाळी टपालवाला आला. कागदावर गावच्या मास्तरांचं अक्षर, आणि घडीचा एक कोपरा फाटलेला. मी जिन्यावरच उभा राहिलो. आपल्याकडून कागद येतो तोच असा, म्हणजे तू गेलीस, हे मला उघडच दिसलं. वाचायचा म्हणजे लगेच आंघोळ, लगेच गाव, दहा दिवस सुतक, आणि परीक्षा गेली. आमच्यासारख्या सरकारी खर्चानं शिकणाऱ्याला दुसऱ्यांदा बसू देत नसत. तीन वर्षं पाण्यात जाऊन मी पुन्हा नांगरामागे उभा राहिलो असतो. शेजारचा तो ब्राह्मण धोतर सावरत बाहेर आला. त्यानं कागद पाहिला, माझं तोंड पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, "अरे, कळल्यापासून सुतक लागतं. शास्त्रच आहे तसं. वाचलं नाहीस तर कळलं नाही. परवा दुपारी वाच." बिचाऱ्यानं माझ्या भल्यासाठीच सांगितलं. सुतकाला हसणारा मी, त्याच सुतकातली पळवाट मात्र दोन्ही हातांनी धरली. कागद कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि परीक्षेला गेलो.

तीन दिवस तो कागद माझ्या छातीशी होता. मी जेवलो, झोपलो, उत्तरं लिहिली. रडायलाही धजलो नाही, कारण रडलो तर कळलं असं झालं असतं. तिसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा होती. साहेबांनी मला एका म्हाताऱ्या बाईच्या खाटेशी नेलं. ताप चढलेला, जीभ सुकलेली. हिचं काय करशील, असं विचारलं. मी घडाघडा सांगितलं की औषधापेक्षा जवळ माणूस पाहिजे, चमच्या चमच्यानं पाणी पाजलं पाहिजे, कपाळावर ओली घडी पाहिजे, एकटं सोडता कामा नये. साहेब खूश झाले. मी पास झालो ते त्या उत्तरावर, असं पुढे मला कळलं.

दुपारी चाळीच्या नळापाशी बसलो, बादली भरून घेतली आणि कागद उघडला. तू मेली नव्हतीस. मास्तरांनी लिहिलं होतं की मातोश्री तापानं अंथरुणाला खिळल्या आहेत, सारखं तुमचं नाव घेतात, कागद पोचताच निघावं. घडीतून एक पुडी माझ्या मांडीवर पडली. त्याच कागदाचा फाडलेला कोपरा, आणि आत गावदेवीचा अंगारा. खाली मास्तरांनी जोडलं होतं, 'परीक्षेस जाताना कपाळी लावावा असा मातोश्रींचा निरोप आहे.' मी बादली तशीच सोडून स्टेशनाकडे धावलो.

गावात पोचलो तेव्हा दिवे लागत होते. ओटीवर बाबा एकटे बसलेले, डोकं तासलेलं. मला काही विचारायची गरज उरली नाही. तू आदल्या दिवशी तिसऱ्या प्रहरी गेलीस. बाबा म्हणाले, "लय वाट बगितली रं तिनं. पानी पाजाया गेलो तर म्हनायची, माजा लेक पाजंल." मग मान वर करून त्यांनी विचारलं, "कागुद मिळाला नाय का तुला?" मी म्हटलं, "आजच मिळाला, बाबा." त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "आरं द्येवा. तिनंच फाडला त्याचा कोपरा. आंगारा बांदाया कायबी नव्हतं हाताशी." त्या दिवसापासून त्यांनी टपालाचं नाव टाकलं. माझी बदली खालापूरला झाल्यावरही काही सांगायचं झालं की माणूस चालत धाडायचे. कुणी हसलं की म्हणायचे, "टपालवाल्यांनी माज्या पोराची आय त्याला बगू दिली नाय." कर्जतचा म्हातारा टपालवाला बाजारात दिसला की तोंड फिरवायचे. त्यानं एकदा मलाच विचारलं, तुमचे वडील माझ्यावर का रागावलेत? मी म्हटलं, त्यांचा स्वभावच तसा आहे. सहा वर्षांपूर्वी बाबा गेले, ते हेच धरून गेले.

डॉक्टर म्हणून तुला खरं सांगतो, मी वेळेवर आलो असतो तरी तू वाचली असतीस असं नाही. तसा ताप मी पुढे शेकड्यांनी पाहिला. पण पाणी मी पाजलं असतं. तुझ्या तोंडात माझ्या हातचं पाणी गेलं असतं, आणि तुला तेवढंच हवं होतं.

बायकोला सांगितलं ते इतकंच, की कोपरा बघून माझा गैरसमज झाला. ती रडली आणि म्हणाली, तुमचा काय दोष. मी तिला तसंच म्हणू दिलं. हा कागद मी कुठे धाडणार नाही, धाडायला जागाही नाही, म्हणून उरलेलं आता लिहून टाकतो.

पहिल्या दिवशी दुपारी, दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीत, मी खिशात हात घालून तो कागद चाचपला. घडीच्या आत बोटांना एक लहानशी पुडी लागली. मरणाच्या कागदात कुणी पुडी घालत नाही, आई. तू जिवंत आहेस, आणि घरून पहिलाच कागद आला म्हणजे मला बोलावणं आहे, हे मला त्याच क्षणी कळलं. संध्याकाळची गाडी होती. मी हात खिशातून काढला आणि दुसऱ्या पेपराला जाऊन बसलो.