गायरानाला रकाना नाही

सोम. ९ नोव्हें. ९८, धुळे
दिल्लीहून एकदाच्या फ्लॉप्या आल्या. वाळवंटीकरण रोखण्याच्या जागतिक करारासाठी देशाचा अहवाल आता म्हणे या प्रोग्रॅमवर तयार होणार, जिल्ह्याने नुसतं भरायचं. साहेब खूश. तीच ती माहिती दरवेळी वेगळ्या नमुन्यात लिहून माझीही बोटं झिजलीत, म्हणून मीही खूश. तर दुसरी फ्लॉपी उघडतच नाही. झालं!

गुरु. १२
जळगावच्या ऑफिसातून फ्लॉपी कॉपी करून आणली. येताना एस.टी.त उभी, पाय गेले. दुपारी सोनगीर गावाची माहिती भरायला घेतली. जमीन कोणती? शेती, वन, पडीक. संपलं. गावाच्या चराईचं गायरान कुठे घालू, माझ्या डोक्यावर? रिकामं ठेवलं तर पुढचं पान येत नाही, नुसतं टूंऽ करतं.

शुक्र. १३
साहेब म्हणाले, पडीक टाका. म्हटलं, पडीक लागलं की पुढच्या वर्षी तिथे झाडं, कुंपण, चराई बंद. माझी मावशी राहते सोनगीरला, बकऱ्यांवरच घर चालतं तिचं.
"अहो बाई, कॉम्प्युटरला मावशी नसते."
सगळे हसले. मलाही हसू आलं, त्याचाच जास्त राग येतोय. शेवटी त्यांनीच येऊन 'पडीक'वर कळ दाबली.

रवि. १५
सोनगीर. मावशीला, म्हणजे आमच्या अक्काला, सगळं सांगितलं. करार, दिल्ली, रकाने. तिने बकऱ्यांना पाला टाकता टाकता ऐकून घेतलं.
"पडीक शे, ते मन्या बकऱ्या काय दगड खातस?"
मग पाला संपल्यावर, "आमले कोनी इचारं का?"
चहा घेतला नि निघाले. तिचा प्रश्न धुळ्यात देवपूरला घरी येईपर्यंत डोक्यात ठणकत होता.

मंगळ. १७
साहेब नाशिकला मीटिंगला. शेवटचं पान उघडलं. 'गावकऱ्यांशी चर्चा झाली का?' सगळ्या गावांपुढे साहेबांनी एकदम 'हो' ठोकून दिलेलं! कधी झाली चर्चा? कुणाशी? सोनगीरपुढे मी 'नाही' केलं. तर खाली नवीन चौकट. 'कारण लिहा.' इतके दिवस कुठे होती ही? जागा एका ओळीची, तीही इंग्रजीत. गायरान आहे, पडीक नाही, गावाला कुणी विचारलेलं नाही, एवढं कसंबसं कोंबलं. बाकीच्या गावांचं मला माहीत नाही. तेही विचारायला हवं.
फ्लॉपी पाकिटात घालून साहेबांच्या टेबलावर ठेवली. पाठवायच्या आधी उघडून बघतीलच ते. बघू देत.