झिनियाचा वाफा आणि मी

५ मार्च
हिचा पाय प्लास्टरमध्ये. दोन महिने वरच्या खोलीत पडून राहायचं. पाय मोडायच्या आदल्याच दिवशी तिनं अंगणातल्या वाफ्यात झिनिया आणि कॉसमॉसचं बी पेरलं होतं. म्हणाली, प्लास्टर निघालं की फुलांत बसून चहा प्यायचाय, तेवढ्या एका आशेवर दिवस काढीन. वाफा आजपासून माझ्याकडे. निश्चिंत राहा म्हटलं. उद्यापासून पहाटे साडेपाचला उठणार.

६ मार्च, सकाळी ९.१०
पहाटे गारठा होता. बागकामाला ऊन लागतंच.

१८ मार्च
वाफ्यात दोन तऱ्हांची रोपं आलीत. एक मरतुकडी, दुसरी दांडगी, हिरवीगार. तण कुठलं हे सांगायला तज्ज्ञ कशाला हवा? हिला विचारणार होतो, पण झोपली होती. जागी होती, पण ऊठसूट विचारत बसलो तर जबाबदारी घेतली कशाला?

१९ मार्च
मरतुकडं सगळं मुळासकट उपटून परसातल्या उकिरड्यावर फेकलं. कंबरेचा काटा ढिला झाला. हिच्या देखभालीला आलेल्या सासूबाई तिथं भाज्या धुतलेलं पाणी ओतत होत्या. म्हणाल्या, अहो, एवढी कोवळी रोपं? मी नुसता हसलो. वडीलधाऱ्यांशी वाद नको.

९ एप्रिल
खत घातलं. रोपं गुडघ्याएवढी. फूल नाही. दर्जेदार फुलाला वेळ लागतोच.

२० एप्रिल
हिनं विचारलं, आलं का एखादं फूल? तोंडातून निघून गेलं, लाल आलंय, पिवळंही. पडल्यापासून पहिल्यांदा हसली! मग केशरीही सांगितलं. एवढ्यात येईलच की.

२८ एप्रिल
हिला सांगितलेल्या फुलांत आता जांभळी पण आहेत. वाफ्यात एक नाही. आज रोपांपुढे हात जोडले. खरोखर जोडले. सासूबाई म्हणाल्या, जरा मागच्या दारी येऊन बघा. इथं माझा जीव टांगणीला लागलाय, उकिरडा कसला बघू?

५ मे, दुपारी
उद्या प्लास्टर निघणार. तिच्याआधी उठून वाफा साफ करणार आणि सगळं खरं सांगणार. पहाटे. नक्की.

६ मे
उठायला उशीर झाला. डॉक्टरांकडून आल्याबरोबर ही वॉकर घेऊन थेट वाफ्यापाशी. एक पान खुडून पाहिलं. मग विचारलं, हे तण इतकं माजलं कसं? खत घातलं, म्हणालो. तिचे डोळे भरून आले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

सासूबाई तिला हळूहळू परसात घेऊन गेल्या. उकिरडाभर झिनिया, कॉसमॉस! लाल, पिवळी, केशरी, जांभळी. मी सांगितलेले सगळे रंग, फक्त घराच्या दुसऱ्या बाजूला. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, सासूबाई म्हणाल्या, याचे जावईबापूंनी दोन महिन्यांतच फेडले.

ही तिथंच खुर्ची टाकून बसली. चहा मी केला. उद्यापासून या फुलांना पाणी मीच घालणार, असंही सांगितलं.

हिनं झारी आपल्या खुर्चीखाली सरकवली.