भजनातली पुढची जागा

ती. सौ. शकुअक्का,

नमस्कार. गेल्या महिन्यात आदिलाबादच्या दातांच्या डॉक्टरनं माझे समोरचे चार दात काढले. हिरड्यांतला पू हाडापर्यंत गेला होता. "इतक्या वर्षांत एकदाही दाखवलं नाही?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "दात काढला की डोळे जातात, असं आमची शकुअक्का सांगते."

"भजनवाल्या शकुबाई?" तो हसायलाच लागला. "त्या तर दर सहा महिन्यांनी दात तपासून जातात."

अक्का, माझी दाढ ठणकली की तूच म्हणायचीस, "दवाखान्याचं नाव नको काढू. मिसरी घास, लवंग धर." तंबाखूच्या मिसरीची डबीही तूच आणून द्यायचीस. देवीची पूजा आटोपली की मी रोज नेमानं घासायची. बिनखर्चाचा उपाय म्हणून मलाही बरा वाटायचा.

त्या दिवशी घरी येऊन तुला फोन लावला, तर म्हणालीस, "तू कधी इचारलं काय मले? मंग मी काऊन सांगू?"

शुक्रवारच्या भजनात पद नेहमी मी उचलायची. आता शब्दांतून नुसती हवा जाते, बाया तोंडाला पदर लावतात. परवा त्यांनी माझ्या जागी तुला पुढं बसवलं. तू एकदाही नको म्हणाली नाहीस.

हे पत्र देवीच्या तसबिरीमागं ठेवून देते. तुझ्या हाती दिलं, तर तू हसशील आणि तुझे सगळे दात दिसतील.

तुझ्या पाठची,
रुक्मा