तीन लाखांचं गिऱ्हाईक

४ मे, सकाळी ९
गाडी ऑनलाइन लिलावाच्या ॲपवर टाकली. फोटो जुळे सोलापुरातल्या मोकळ्या प्लॉटवर काढले. डाव्या बाजूचे नाही काढले. आमच्या सौ. विजयमालाच्या गुडघ्याचं ऑपरेशन २० तारखेला, अडीच लाख आधी भरायचे. गाडी साडेतीन लाखांना जाणारच. तिला म्हटलं, निर्धास्त राहा. राहते की, म्हणाली.

७ मे
‘महाराजा७७’ यांची बोली तीन लाख ऐंशी हजार! एका दमात. माणसाला गाडी कळते. लिलाव त्यांनाच सुटला. संध्याकाळी गाडी धुतली. जरा वाईटही वाटलं.

९ मे
महाराजांचा फोन बंद. प्रवासात असतील.

१० मे
अजून प्रवासात.

११ मे
ॲपच्या कंपनीतली मुलगी म्हणाली, हा माणूस दिसेल त्या गाडीवर बोली लावतो, पैसे कधीच भरत नाही. मला पहिल्याच दिवशी संशय आला होता, लिहायचं राहून गेलं. लिलाव पुन्हा लावला. आता डोळ्यांत तेल घालून बसणार.

१४ मे
एकच बोली, दोन चाळीस. कुर्डुवाडीचे जोतिराम, रेल्वेत आहेत. घरी येऊन गाडी बघून गेले. आईला डायलिसिसला न्यायला हवी म्हणाले. अशी गरज असलेला माणूस तीनपर्यंत सहज चढेल.

१५ मे, दुपारी
विजयमालाच्या मोबाईलवर तिच्या नावाने खातं उघडलं. ती झोपली होती. ही फसवणूक नव्हे. घरच्या माणसाने घरच्या गाडीची कदर करणं.

संध्याकाळी ५.४०
सहाला लिलाव बंद. मी तिच्या नावाने दोन पन्नास. ते दोन पंचावन्न. एवढ्या पैशांत ऑपरेशन होतं. पण थांबायचं कशाला?

५.५८
मी तीन लाख! आता ते तीन-पाच म्हणणार.

६.०५
म्हणाले नाहीत.

१६ मे
जोतिरामना फोन. दोन पंचावन्नला देतो म्हटलं. मग दोन चाळीसला. शेवटी, तुम्हीच सांगा, म्हटलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.
“सायेब, तुमच्याकडं तीन लाखाचं गिऱ्हाईक हाय की. मला कशाला देताय?”
त्यांनी काल रात्रीच दुसऱ्या गाडीचा विसार दिला होता.

१७ मे
कंपनीची मेल. दोन्ही खात्यांचा पत्ता एकच, बोली संशयास्पद, खाती कायमची बंद. अपील करणार. मुद्दे काढायला बसलो. एकही निघाला नाही.

१८ मे
विजयमालाच्या मोबाईलवर मेसेज होता : अभिनंदन, गाडी तुमची झाली. तिने विचारलं, कुठली हो? सगळं सांगितलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

१९ मे
दवाखान्यात फोन तिनेच लावला. उद्याचं रद्द करा म्हणाली. पलीकडून कारण विचारलं. तिने माझ्याकडे बघितलं.
“गाडीची सोय झाली नाही.”
ॲम्ब्युलन्स पाठवतो म्हणाले. ती नको म्हणाली आणि भिंत धरत स्वयंपाकघरात गेली.
आज काही ठरवलेलं नाही.