म्हातारीची चाल

चि. भाच्या,

आपला कॉम्प्युटर गेम नव्या इंजिनवर न्यायला माझी ना नाही. जुन्या इंजिनाचा कोड मीच लिहिला, त्याची दुखणी मला ठाऊक आहेत. पण काल तुझ्या प्रोग्रामर मुलींनी नव्या इंजिनवरचा गेम दाखवला, तर त्यातली म्हातारी ताठ चालत होती! "मावशी, लंगडायचा बग काढून टाकला," म्हणे. बग कसला डोंबलाचा? ती तुझ्या आईची चाल होती. तिला दिवाणखान्यात चालायला लावून मी एकेक पाऊल मोजलं होतं. "पोराला सांगू नकोस," म्हणाली, म्हणून ती गेल्यावरही मी तोंड उघडलं नाही. आता उघडणार.

हे पत्र टाकत नाही, कारण तू "बघू" म्हणून विसरशील. सोमवारी तुझ्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसते. म्हातारी पुन्हा लंगडेपर्यंत हलणार नाही.

तुझी निवृत्त, पण न थकलेली,
मावशी